गुरुवारचा स्लाइस

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला रविवारचं फारसं कौतुक नसतं. आमचा रविवार गुरुवारी येतो. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून कधीकाळी निरनिराळ्या औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे निरनिराळे वार वाटून दिले, त्यात भोसरी-पिंपरी-चाकणच्या पदरी गुरुवार पडला. तेव्हापासून इथे मुलगी बघण्यापासून दाढ काढण्यापर्यंत सगळं गुरुवारी होतं. दत्ताचा वार असल्यामुळे निम्म्या लोकांचा उपासही असतो. अशा या पवित्र वारी मी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर जातो, आणि गेल्या पावसाळ्यापासून तिथे माझं जे काही चाललं आहे ते पाहून माझा कॅडीसुद्धा उपास धरायच्या विचारात आहे.

बार्शीकडचा माणूस गोल्फच्या वाटेला गेलाच कसा, हा प्रश्न मला नातेवाईक लग्नकार्यात विचारतात. उत्तर सोपं आहे. चाकणात गोल्फ आला तो मशिनांबरोबर. जर्मन आले, जपानी आले, कोरियन आले. त्यांच्यासोबत त्यांची ड्रॉइंग आली, त्यांचे ऑडिट आले आणि सुट्टीच्या दिवशी हिरवळीवर उभं राहून पांढऱ्या चेंडूकडे गंभीरपणे बघायची त्यांची सवय आली. आमची कंपनी गिअरबॉक्समध्ये बसणारे शाफ्ट बनवते. मी क्वालिटीला. आमच्या जपानी कस्टमरनं एका ऑडिटनंतर मोठ्या आदरानं विचारलं, "गोल्फ?" आमचे एमडी माझ्याआधीच म्हणाले, "येस, येस, व्हेरी गुड प्लेयर." त्या दिवसापर्यंत मी गोल्फची काठी फक्त हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाच्या हातात पाहिली होती.

तसा हा खेळ आपल्याकडे काल-परवाचा नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा, म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम अकरा वर्षं झाली होती तेव्हाचा. पुण्याचं म्हणाल तर अनिर्बान लाहिरी 1987 मध्ये इथेच जन्मला, आणि 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो खेळला तेव्हा त्याच्या जोडीला पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा उदयन माने होता. हे मी घरी तेव्हा अभिमानानं सांगितलं. बायको म्हणाली, "मग पुण्याचा कोटा भरला की."

तर सध्या माझा फॉर्म गेलेला आहे. गेला म्हणजे काय, हे गोल्फ न खेळणाऱ्याला समजावणं कठीण. क्रिकेटमध्ये फॉर्म गेला की माणूस शून्यावर आऊट होतो, पॅव्हेलियनमध्ये जाऊन बसतो, टॉवेल डोक्यावर घेतो. गोल्फमध्ये आऊट व्हायची सोयच नाही. पहिल्याच होलवर तुमची अब्रू गेली तरी उरलेले सतरा होल तुम्हाला चालत, सभ्यपणे, इतरांच्या उत्तम फटक्यांना "गुड शॉट" म्हणत पार करावे लागतात. चार तास लागतात. चार तासांत हिंजवडीहूनसुद्धा माणूस घरी पोचतो.

माझा आजार म्हणजे स्लाइस. चेंडू निघतो सरळ. अगदी शिकवलेल्या मुलासारखा निघतो. मग मध्येच त्याला काहीतरी आठवतं आणि तो उजवीकडे वळतो. उजवीकडे झाडं असोत, तळं असो की शेजारच्या होलवर पट करायला (चेंडू भोकात ढकलायला) वाकलेला निवृत्त ब्रिगेडियर असो, त्याला फरक पडत नाही. क्लबचं, म्हणजे काठीचं, तोंड फटक्याच्या दिशेपेक्षा किंचित उघडं राहिलं की चेंडूला तिरकी फिरकी मिळते, एवढंच याचं शास्त्र. हे 'किंचित' म्हणजे दोन-चार अंश. मी दिवसभर मायक्रॉनमध्ये वावरणारा माणूस. दोन-चार अंश म्हणजे आमच्याकडे अख्खा लॉट भंगारात.

बरं, हत्यारात काही कमी आहे म्हणावं तर तेही नाही. नियमानं ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचं, डोकं जास्तीत जास्त 460 सीसीचं असू शकतं, माझं तेवढंच आहे. चाकणात बनणारी बजाजची डॉमिनार 373 सीसीची. तेवढ्यात पोरं लडाखला जाऊन फोटो काढून परत येतात. मी 460 सीसी लावून चेंडू शेजारच्या फेअरवेवर पाठवतो. आणि ते भोक! गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा 42.67. पासष्ट मिलिमीटरची क्लिअरन्स! एवढ्या क्लिअरन्सचं ड्रॉइंग कस्टमरनं पाठवलं असतं तर आम्ही इन्स्पेक्शनच बंद करून टाकलं असतं. आमच्या स्टोअरमधला हेल्पर फोनवर बोलता बोलता बेअरिंगमध्ये शाफ्ट घालतो, आणि मला दीड मीटरवरून पासष्ट मिलिमीटर ढिलं असलेल्या भोकात चेंडू ढकलता येत नाही.

फॉर्म गेल्याची बातमी लपत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये प्रत्येकाला प्रत्येक रोगावरचं औषध माहीत असतं, त्यातून सोसायटीतल्या लोकांनी मला टेरेसवर बगलेत टॉवेल धरून काठी फिरवताना पाहिलं होतं. (बगलेतला टॉवेल पडू द्यायचा नाही, असा एक व्यायाम असतो.) खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नजर काढायचा सल्ला दिला. वॉचमननं विचारलं, "साहेब, भूत बघितलं का वर?" बार्शीला आईला फोन केला तर ती म्हणाली, "एवढा तरास होतोय तर कशापायी जातुस रं त्या काठ्या घिऊन? ल्हानपणी इट्टी तरी लागायची तुला."

तिच्या बोलण्यात तथ्य आहे. विटी-दांडूत मी गल्लीतला नावाजलेला गडी होतो. विटी आधी टोलवून उडवायची, मग हवेतल्या हवेत, ती स्वतःभोवती गरगरत असताना हाणायची. ती लागायची, लांब जायची, कधी कुलकर्ण्यांच्या काचेपर्यंत जायची. मग हा चेंडू का लागत नाही? हा तर हलतही नाही. गवतावर निवांत बसलेला असतो, "या, घाई नाही" म्हणत. माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच आहे. उडालेली विटी विचार करायला वेळ देत नाही. थांबलेला चेंडू देतो, आणि त्या वेळात डोकं गुडघे, कोपर, मनगट, हनुवटी, श्वास, उजवा खांदा, डाव्या पायाचा अंगठा या सगळ्यांची एकेक करून हजेरी घेतं. हजेरी पूर्ण होईपर्यंत त्यातला एक तरी गैरहजर होतोच.

या हजेरीला यूट्यूबनं आणखी नावं जोडली. एक गुरू सांगतो, डोकं अजिबात हलू देऊ नका. दुसरा सांगतो, डोकं जखडणं हेच सर्व दुःखांचं मूळ. तिसरा म्हणतो, उजव्या हातात अंडं धरल्यासारखी पकड ठेवा. चौथा म्हणतो, पकड ढिली म्हणूनच तुम्ही स्लाइस मारता. हे सगळे रात्री साडेअकरानंतर भेटतात, आणि प्रत्येकजण सुरुवातीलाच सांगतो की ही एकच गोष्ट बदला. मी बदलतो. गेल्या पावसाळ्यापासून मी एकच गोष्ट सारखी बदलतो आहे.

फटक्याचा सराव माणसाला कुठेही सुचतो हा या रोगाचा आणखी एक प्रकार. लिफ्टमध्ये, कँटीनच्या रांगेत, नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडीत बसल्या बसल्या. एकदा शॉपफ्लोअरवर राउंड घेताना हातात ड्रॉइंगची सुरळी होती. मी ती नकळत मागे नेली, कमरेतून वळलो आणि फिरवली. सुरळी एका ट्रेनी मुलाच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावरून गेली. आमच्या सेफ्टी ऑफिसरनं रीतसर 'नियर मिस'चा फॉर्म भरला. त्या महिन्यातला माझा सगळ्यात सरळ गेलेला फटका तोच.

दुःखात माणूस थोरांची चरित्रं वाचतो. गोल्फमध्ये या बाबतीत फार दिलासा आहे. ऑस्ट्रेलियाचा इयान बेकर-फिंच 1991 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला. चारच वर्षांनी, सेंट अँड्र्यूजवर, त्याच स्पर्धेत त्यानं पहिलाच फटका मैदानाबाहेर मारला. तिथे पहिल्या आणि अठराव्या होलचं मिळून एकच फेअरवे आहे. एवढं रुंद, की आमच्या मोशीच्या चौकात असं रुंदीकरण झालं तर लोक साखर वाटतील. ते सगळं ओलांडून चेंडू डावीकडे हद्दीबाहेर! पुढे 1997 मध्ये रॉयल ट्रूनला त्यानं पहिल्या दिवशी 92 फटके मारले आणि स्पर्धा सोडली. अमेरिकेचा डेव्हिड डुव्हल 1999 मध्ये जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, 2001 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला, आणि त्यानंतर पीजीए टूरवर एकही स्पर्धा जिंकला नाही. आणि बर्नहार्ड लांगर! जर्मन माणूस, शिस्तीचा पुतळा, पण पट मारताना त्याचे हात आपोआप झटका द्यायचे. एकदा नाही, कारकिर्दीत पुन्हा पुन्हा. त्यानं पकडी बदलल्या. एका पकडीत तर तो उजव्या हातानं पटरचा दांडा आपल्याच डाव्या हातावर दाबून धरायचा, जणू चोर पकडून नेतो आहे. तरी मास्टर्स स्पर्धा तो दोनदा जिंकला, 1985 आणि 1993 मध्ये.

हे सगळं मी बायकोला रात्री जेवताना सांगितलं. आपल्या घरचा विराट कोहलीही काढला. गहुंजेच्या मैदानावर, म्हणजे आमच्या निगडीपासून हाकेच्या अंतरावर, ऑक्टोबर 2019 मध्ये त्यानं नाबाद 254 केल्या, नोव्हेंबरात कलकत्त्याला आणखी एक शतक ठोकलं, आणि त्यानंतरचं आंतरराष्ट्रीय शतक थेट सप्टेंबर 2022 मध्ये.

बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. मग आमटी वाढत म्हणाली, "अहो, पण हे सगळे आधी काहीतरी जिंकले होते ना?"

मी म्हटलं, "मग? मीपण."

"काय?"

छत्री. कस्टमरच्या वार्षिक स्पर्धेत एका होलवर माझा चेंडू झेंड्याच्या सगळ्यात जवळ पडला होता आणि मला दोन माणसं मावतील अशी गोल्फची छत्री मिळाली होती. ती आता गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर धरतात.

पण बायकोचा प्रश्न डोक्यातून जाईना. क्वालिटीच्या माणसाला आकडे सोडवत नाहीत, म्हणून मी सगळी जुनी स्कोअरकार्डं काढली. गोल्फमध्ये तुमची लायकी मोजायला हँडिकॅप नावाचा आकडा असतो. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू झाली: शेवटच्या वीस राउंडपैकी उत्तम आठ धरायचे, बाकीचे बारा विसरायचे. आपल्या दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चीच ही थोरली बहीण. या पद्धतीत आणखी एक करुणा आहे. तुमचा हँडिकॅप वर्षभरातल्या तुमच्या सगळ्यात चांगल्या आकड्यापेक्षा तीननं वाढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि पाचाच्या वर ती जाऊच देत नाहीत. माणसाची अधोगती वर्षाला किती व्हावी याला लेखी मर्यादा घालणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. माझी अधोगती त्या मर्यादेला टेकून उभी आहे.

कार्डांचा मी कंट्रोल चार्ट काढला. सरासरीची रेघ, वरची मर्यादा, खालची मर्यादा, प्रत्येक राउंडचा एक ठिपका. आणि तो चार्ट माझ्याकडे बघून हसला. गेल्या पावसाळ्यानंतरचे ठिपके आणि त्याच्या आधीच्या वर्षांचे ठिपके यांत सांगण्यासारखा फरकच नव्हता. सगळे मर्यादांच्या आत, गुण्यागोविंदानं नांदत होते. वेगळे होते ते फक्त त्या पावसाळ्याआधीच्या दिवाळीनंतरच्या काही आठवड्यांतले, सगळ्यात चांगले ठिपके. छत्रीचे दिवस! फॉर्म गेलेला नव्हता. फॉर्म पाहुणा आला होता, दिवाळीचा फराळ खाऊन आपल्या घरी गेला होता, आणि मी त्याच्या नावाचं रेशनकार्ड काढून बसलो होतो.

फ्रान्सिस गॉल्टननं 1886 मध्ये आई-बाप आणि मुलांच्या उंच्या मोजून हेच दाखवलं होतं: फार उंचांची मुलं सरासरीकडे सरकतात, फार बुटक्यांचीही. मी हे ट्रेनिंगमध्ये दरवर्षी शिकवतो. पण ते उंच्यांबद्दल आहे. माझ्या गोल्फला ते लागू पडत नाही, कारण दिवाळीनंतरचा तो खेळ मी स्वतः खेळलो होतो आणि मला तो फार आवडला होता.

तेव्हा चार्ट बाजूला ठेवून मी रूट कॉज शोधायला घेतलं. चाकणात कुठलीही गोष्ट बिघडली की पाच वेळा 'का' विचारतात. टोयोटानं जगाला लावलेली सवय. चेंडू उजवीकडे का गेला? क्लबचं तोंड उघडं राहिलं. का उघडं राहिलं? मनगट वेळेवर वळलं नाही. का वळलं नाही? फटका घाईत मारला. घाई का? आम्ही उशिरा सुरुवात केल्यानं मागचे चौघे येऊन कमरेवर हात ठेवून उभे होते. उशीर का? गुरुवारी मशिनांचं मेंटेनन्स असतं, ते पाहायला पहाटे कंपनीत गेलो, आणि येताना कुरुळीला कंटेनर आडवा झाला होता. झालं. पाच 'का' संपले आणि माझ्या स्लाइसचं मूळ पुणे-नाशिक रस्त्यात सापडलं. उपाययोजना: रस्ता रुंद करणे. त्यापुढचे दोन रकाने, 'जबाबदार व्यक्ती' आणि 'पूर्ण होण्याची तारीख', मी रिकामे सोडले. ते रिकामे सोडणारा मी पहिला नाही.

मग माशाचा सांगाडा काढला. प्रोफेसर इशिकावांचा फिशबोन: माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, मोजमाप, वातावरण, अशी सहा हाडं. वातावरणाच्या हाडाला मी लोहगावचं सुखोई लटकवलं. येरवड्याला तुम्ही बॅकस्विंगच्या टोकाला असताना वरून सुखोई गेलं की काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही; देशाचं संरक्षण होतं आणि चेंडू झाडीत जातो. मटेरियलच्या हाडावर महागडे चेंडू लिहिले आणि ते बदलून स्वस्त आणले. तेही उजवीकडेच गेले, फक्त हरवल्याचं दुःख कमी झालं. 'माणूस' या हाडाजवळ मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग चहा आला.

आमच्या कॅडीला सगळे अण्णा म्हणतात. वयानं माझ्याहून थोरले; येरवड्यातच जन्म गेला. मेंबर लोकांच्या पिशव्या वाहता वाहता खेळ त्यांच्या हाडीमासी मुरला आहे. माझ्या पिशवीतली कुठलीही काठी काढून, चपला घालून, ते चेंडू असा मारतात की बघणाऱ्यानं आपली पिशवी त्यांना दान करून टाकावी. ते सल्ला देत नाहीत. चेंडू झाडीत गेला की "गेला" एवढंच म्हणतात आणि शोधायला जातात. पण परवा त्यांचाही संयम सुटला.

"साहेब, मागच्या गुरुवारी हात खाली होता, आज वर आहे. मधल्या होलला पाय जवळ घेतले, आता लांब केले. त्या बॉलनं कुणाचं ऐकायचं?"

मी म्हटलं, "अण्णा, करेक्शन करतोय."

"कशाचं?"

"आधीच्या फटक्याचं."

"तो तर गेला," अण्णा म्हणाले.

आता गंमत अशी, की अण्णांनी जे म्हटलं त्यावर माझं एक ट्रेनिंग आहे. त्यात टेबलावर खरोखरची चाडी, म्हणजे नरसाळं, आणि गोट्या असतात. अमेरिकेच्या डेमिंगसाहेबांचा हा प्रयोग. हेच ते डेमिंग, ज्यांनी 1950 मध्ये जपानला जाऊन तिथल्या कारखानदारांना क्वालिटी शिकवली. टेबलावर एक खूण करायची, तिच्यावर चाडी धरायची आणि गोट्या सोडायच्या. चाडी हलवली नाही तर गोट्या खुणेभोवती थोड्या विखुरतात. आता प्रत्येक गोटी जेवढी चुकली तेवढी चाडी उलट दिशेला सरकवत चला. माणसाला वाटतं नेम सुधारेल. विखुरणं उलट वाढतं. आणि गोटी जिथे पडली तिथेच दर वेळी चाडी नेत राहिलात तर गोट्या टेबल सोडून, खोली सोडून चालू लागतात.

आमचे नवे सीएनसी ऑपरेटर हेच करतात. एक जॉब दोन मायक्रॉन जास्त आला की लगेच ऑफसेट बदलतात, पुढचा कमी आला की पुन्हा बदलतात, आणि शिफ्ट संपेपर्यंत चांगल्या मशीनला वेड लावतात. म्हणून मी प्रत्येक मशीनवर ठळक अक्षरांत बोर्ड लावले आहेत: 'प्रोसेस स्थिर असताना ऑफसेटला हात लावू नये.' खाली माझी सही. आयटीआयची पोरं तो बोर्ड पाळतात, आणि त्याबद्दल मी त्यांचं कौतुकही करतो. पण ते मशीन आहे. मशीनला भावना नसतात, छत्रीही मिळालेली नसते. माझी केस वेगळी आहे, हे मी अण्णांना बंकरमधून बाहेर पडता पडता पटवून सांगितलं. बाहेर पडायला वेळ लागल्यामुळे सविस्तर सांगता आलं.

अशातच वार्षिक दराच्या बोलणीची वेळ आली. चाकणात ज्यांनी व्हेंडर म्हणून आयुष्य काढलं आहे त्यांना हे दिवस पितृपक्षापेक्षा जड वाटतात. कस्टमर 'कॉस्ट डाउन' मागतो. पोलाद महागलेलं असतं, वीज महागलेली असते, तरी शाफ्ट स्वस्त झाला पाहिजे. बोलणीच्या आदल्या गुरुवारी लवळ्याच्या डोंगरातल्या कोर्सवर खेळायचं ठरलं. एमडींनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"काय क्वालिटी, फॉर्म अजून गेलेलाच आहे ना?"

मी खाली मान घालून "हो" म्हटलं.

"छान! अजिबात सुधारू नका. साहेबांना जिंकू द्या. खूश झाले की दोनाच्या ठिकाणी एक टक्क्यावर निभावेल."

नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या गुणाचा कंपनीला असा थेट उपयोग पहिल्यांदाच होत होता. मी निश्चिंत मनानं गेलो. हरायचंच आहे म्हटल्यावर बगलेतला टॉवेल आठवायचं कारण नव्हतं. पहिल्या टीवर उभा राहिलो, कोपराची हजेरी घेतली नाही, मनगटाची नाही. लवकर उरकून नाश्त्याला जाऊ अशा हिशेबानं काठी फिरवली. चेंडू सरळ गेला. वळायची जागा आली, वळला नाही. एमडींचा चेहरा उतरला.

दुसऱ्या होलवर मी उजवीकडे जावा म्हणून मुद्दाम तोंड उघडं ठेवून मारला. महिनोन्‌महिने जे न मागता मिळत होतं ते मागितल्यावर मिळेना. चेंडू थोडा डावीकडे झुकला आणि फेअरवेच्या मधोमध पडला. पट तर विचारूच नका. लांबून, न बघता ढकललेले चेंडू त्या 108 मिलिमीटरच्या भोकात असे पडत होते, की आत कुणी बसून ओढून घेतंय की काय वाटावं. "नाइस पट," कस्टमर म्हणाले. पुढच्या वेळी नुसतं "नाइस" म्हणाले. त्यापुढे त्यांनी फक्त मान हलवली. दुपारपर्यंत मी जिंकलो होतो. बक्षीस छत्री.

एमडी परतीच्या वाटेवर चांदणी चौकापर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "अडीच टक्के मागणार आता."

त्यांनी दोनच मागितले. पण बोलणी संपल्यावर, फायली मिटल्यावर, कस्टमरनी मला बाजूला घेतलं. दुभाष्याला हातानंच थांबवलं आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, की मागच्या तीन भेटींत तुमचा चेंडू प्रत्येक वेळी उजवीकडे गेला, या वेळी एकदाही गेला नाही. काय केलं? मी हसून म्हटलं, काही नाही, आपोआप गेलं. त्यांचं हसू मावळलं. आपोआप गेलेला दोष आपोआप परत येतो, हे त्यांनीच आम्हाला ऑडिटमध्ये शिकवलेलं. ते वाकले, मी वाकलो. दुसऱ्या दिवशी मेल आला. विषय: स्लाइस. मजकूर: कृपया 8डी रिपोर्ट पाठवावा.

मी हा विनोद समजून एमडींकडे घेऊन गेलो. एमडी म्हणाले, "कस्टमर विनोद करत नाही. पाठवून टाका."

तर आता दोषाचं मूळ आणि उपाय लिहून द्यायचा तो फॉर्म समोर आहे. समस्येचं वर्णन लिहिलं, फोटो जोडले, कंट्रोल चार्टही जोडला. रूट कॉजच्या रकान्यात पुणे-नाशिक रस्ता लिहून खोडला. सुखोई लिहून खोडलं. शेवटी सबंध चाकण औद्योगिक पट्टा अडचणीच्या वेळी जे लिहितो तेच लिहिलं: 'ऑपरेटरला समज दिली.' रिपोर्ट गेला. तासाभरात परत आला. ट्रेनिंगचा पुरावा जोडावा: दिनांक, विषय, प्रशिक्षकाची सही, ऑपरेटरला समजल्याचा शेरा.

ऑपरेटर म्हणून मी सही केली. प्रशिक्षक म्हणून अण्णांकडे कागद नेला तर ते म्हणाले, "आपण नाही बुवा असल्या कागदांवर सह्या करत." संध्याकाळी बायकोपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला, सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं: 'समज दिली. अनेकदा दिली आहे. परिणाम नाही.' कस्टमरनं रिपोर्ट मंजूर केला. म्हणाले, चाकणहून आलेला पहिला प्रामाणिक रिपोर्ट.